होमस्टे की र्‍यो: जपानी शिकायला जाताना कुठल्या चौकोनात टिक करायची?

जपानमधल्या भाषाशाळेत प्रवेश पक्का झाला की निवासाचा फॉर्म येतो. होस्ट फॅमिली, र्‍यो म्हणजे शाळेचं वसतिगृह, किंवा स्वतःची सोय. ‘चोवीस तास जपानी कानावर पडेल’ एवढ्याच आशेवर पहिल्या चौकोनात टिक करू नका. कानावर काय, ते स्टेशनवरही पडतंच.

मी जपानमधल्या ओकायामा शहरात वर्षभर होते. पहिले तीन महिने एका कुटुंबात, उरलेले नऊ र्‍योमध्ये. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात लहानपण गेलेल्या मुलीला तिथलं कोराकुएन हे उद्यान बघून घरी आल्यासारखं वाटतं, कारण आपली बाग त्याच धर्तीवर केलेली आहे. पण बागेतून बाहेर पडल्यावर रात्री जायचं कुठे, हा प्रश्न वेगळा.

बोलण्याचं काय

जेएलपीटी या जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे पुण्याहून एन४, म्हणजे तिची खालून दुसरी पातळी, पास होऊन गेलेल्या माणसाला वाचता येतं, कांजी म्हणजे चित्राक्षरं ओळखता येतात, आणि जेवणाच्या टेबलावर मीठ मागता येत नाही. ही गाठ कुटुंबात लवकर सुटते, पण गप्पा खूप होतात म्हणून नव्हे. आमच्याकडे ओतोसान, म्हणजे घरातले बाबा, रात्री आठला यायचे आणि टीव्हीकडे बघत जेवायचे. दिवसभरात मिळून माझं बोलणं जेमतेम तासभर व्हायचं. फरक पडतो तो आपल्या येण्याजाण्याचा हिशोब कुणाला तरी द्यावा लागतो म्हणून. ‘आज रात्री जेवायला नाही’ हे ओकासान, म्हणजे घरातली आई, तांदूळ धुवायच्या आत सांगावं लागतं. उशीर होणार असेल तर फोन करावा लागतो, आणि फोनवर हातवारे चालत नाहीत. माझं निम्मं व्याकरण या फोनांनी पक्कं केलं.

काही गोष्टी मराठी माणसाला फुकट मिळतात. घरातून निघताना म्हणायचं ‘इत्तेकिमास’ म्हणजे शब्दशः आपलं ‘जाऊन येते’. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, हेही आपल्यासारखंच. गोची होते ती ‘दाइजोबु’, म्हणजे ‘ठीक आहे’, या शब्दापाशी. पहिल्या आठवड्यात ओकासाननी आणखी भात हवा का विचारलं, मी ‘चालेल’ या अर्थानं ‘दाइजोबु देस’ म्हटलं, आणि वाडगा उचलला गेला. तिथे त्याचा अर्थ ‘पुरे’. आपल्याकडे ‘नको नको’ म्हटल्यावर निदान दोनदा तरी आग्रह होतो. (सदाशिव पेठेचा अपवाद आम्हीच सांगतो.)

घरात कानावर पडते ती ‘देस’-‘मास’नं संपणाऱ्या आदरार्थी वाक्यांची पुस्तकी भाषा नसते. अर्धी वाक्यं, साधी रूपं आणि बोली. आजींकडून उचललेलं ‘देऽरे सामुइ’, म्हणजे ‘जाम थंडी आहे’, मी वर्गात म्हटलं तेव्हा सेन्सेईंना, म्हणजे बाईंना, हसू आवरेना. छान आहे, म्हणाल्या, पण नोकरीच्या मुलाखतीत नको.

र्‍योमध्ये जपानी माणूस क्वचितच भेटतो, तरी तिथे जपानी शिकता येत नाही हा गैरसमज आहे. माझी रूममेट व्हिएतनामची होती. आमची एकमेव सामायिक भाषा मोडकी जपानी, आणि चुकायची लाज दोघींनाही नाही. तिच्याशी मी सर्वांत जास्त बोलले, चुकीचं का होईना. नेपाळी मुली समोरच्या खोलीत होत्या, तिथे मात्र हिंदी सुरू व्हायची आणि संध्याकाळ संपायची.

ताटात काय

इथे निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो. मिसो सूप निरागस दिसतं, पण त्याचा पाया दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, आणि दाशी सहसा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाची. बाजारच्या करीच्या वड्यांमध्ये बरेचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, मग त्यात फक्त बटाटा-गाजर घातलं तरी काय उपयोग. फॉर्मवर ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहिलंत तर मासे चालतात असं समजलं जाण्याची शक्यता मोठी. मांस, मासे, माशाची दाशी, अंडं, यांतलं काय चालतं आणि काय नाही, ते एकेक लिहा. कोंबु या समुद्री शेवाळाची किंवा शिइताके मशरूमची दाशी करता येते, पण रोज वेगळं पातेलं चढवायला लावणं त्या बाईंवर अन्याय आहे. अंडं-मासे खाणाऱ्याला कुटुंबात मजा येते. कडक शाकाहारी असाल, कांदा-लसूणही वर्ज्य असेल, तर स्वयंपाकघर असलेला र्‍यो घ्या आणि कुकर बरोबर न्या.

र्‍योच्या ओट्यावर इंडक्शन होतं, त्यामुळे फुलका ज्योतीवर फुगवायचं विसरायचं. तूरडाळ आणि आटा हलाल दुकानात मिळतो. हिंगाच्या फोडणीवर शेजारच्या खोलीतून तक्रार येऊ शकते, पण तुमच्या ताटाचे मालक तुम्हीच असता. होस्ट फॅमिलीत स्वयंपाकघर ओकासानचं. महिन्यातून एखाद्या रविवारी पोहे करून घालता येतात, तेवढंच.

आंघोळ, थंडी, पैसे

फुरोत, म्हणजे आंघोळीच्या गरम पाण्याच्या टबात, उतरायच्या आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग टबात बसायचं, आणि तेच पाणी सगळ्या घराला. पहिल्या रात्री पाहुणी म्हणून मला आधी पाठवलं आणि मी संस्कारी मुलीसारखं बूच काढून टब रिकामा करून आले. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि त्यामुळे जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. र्‍योत शॉवर होता, पाच मिनिटांत विषय संपायचा.

जपानी घरं, होक्काइदो सोडलं तर, हिवाळ्यात आतून गार असतात. खोलीखोलीत हीटर लावत नाहीत, ऊब एकाच जागी असते, दिवाणखान्यातल्या कोतात्सुखाली, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेल्या बुटक्या टेबलाखाली. त्यामुळे मनात असो वा नसो, पाय तिथे जातात आणि बोलणं होतं. र्‍योमध्ये प्रत्येक खोलीला एसी, प्रत्येक दार बंद.

पैशांचं गणित सरळ आहे. होमस्टे महाग, पण त्यात सहसा सकाळ-रात्रीचं जेवण येतं. र्‍यो स्वस्त. स्वतःचं घर घ्यायचं तर शिकिकिन (अनामत) आणि रेइकिन (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) हे प्रत्येकी एक-दोन महिन्यांच्या भाड्याइतके, वर हमीदार. नव्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये. खरा पेच बाइतोचा, म्हणजे अर्धवेळ नोकरीचा. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं, आणि रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेत कायद्यानं 25 टक्के जास्त मजुरी मिळते. म्हणजे जी पाळी परवडते तीच घरातली माणसं झोपल्यावरची. मध्यरात्री दुसऱ्याच्या घराचं दार उघडणं तीन दिवस जमतं, चौथ्या दिवशी ओकासान जाग्या बसलेल्या दिसतात. मी तिसऱ्या महिन्यानंतर बाहेर पडले ते याच कारणानं, भांडण होऊन नव्हे.

घरच्या फोनचंही तसंच. भारत साडेतीन तास मागे. इथली आई साडेसहाला दिवा लावून निवांत बोलायला बसते तेव्हा तिथे रात्रीचे दहा, भिंती पातळ, आणि आपल्या घरी हळू बोलायची पद्धत नाही.

मग कुणी कुठे जावं

तीन-चार आठवड्यांचा उन्हाळी कोर्स असेल तर होस्ट फॅमिली, विचारही करू नका. वर्षभरासाठी जाताय आणि एन४च्या आसपास आहात, तर पहिले दोन-तीन महिने कुटुंबात काढा आणि काम मिळालं की र्‍योत या. उलटा क्रम मला पटत नाही, एकदा स्वतःच्या खोलीची सवय लागली की कोतात्सुही जाच वाटतो. फक्त हिरागाना-काताकाना, म्हणजे जपानीच्या दोन मुळाक्षरमाला, येत असताना मात्र कुटुंबात जाऊ नका. रोज जेवताना हसून मान हलवण्यात दोन महिने जातात आणि दोन्हीकडची माणसं दमतात. पहिल्या महिन्यापासून कमवायचंच आहे, त्यांनी र्‍यो घ्यावा.

टिक करण्याआधी शाळेला चार गोष्टी विचारा. घरात मोंगेन, म्हणजे परतायची वेळ, ठरलेली आहे का. मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी तर ठेवून घेत नाहीत ना. अशा घरात तुमची जपानी तिथल्या तिथे राहते. कुत्रा-मांजर आहे का. आणि स्टेशनपासून घरापर्यंत शेवटची बस किती वाजता सुटते. आमच्या उपनगरातली नऊच्या आधीच जायची.