शोधगंगा: फुकट, भरपूर, पण शोध जपून

शिक्षण, कायदा किंवा समाजधोरणात पीएच.डी. करायची असेल तर सातारा-सांगलीहून कोल्हापूरच्या विद्यापीठ ग्रंथालयासाठी एसटी धरण्याआधी शोधगंगा उघडा. शोधगंगा म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार; विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. वाचायला पैसे लागत नाहीत आणि बहुतेक प्रबंधांची प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ मिळते. आधी निष्कर्ष वाचा, मग संशोधनपद्धती, आणि परिशिष्ट सोडू नका. प्रश्नावली बहुधा तिथेच असते.

अडचण मराठी प्रबंधांची. बरेच जुने प्रबंध नुसते स्कॅन केलेले किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेले. आतला शब्द शोधला तर हाती शून्य, कॉपी केला तर अगम्य चिन्हं. म्हणून शोध शीर्षकावर घ्या, तोही देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत. 'कर्मवीर भाऊराव पाटील' हे नाव रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहिलं जातं ते बघाच!

कायद्याच्या प्रबंधात सादरीकरणाचं वर्ष आधी तपासा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत नापास करायला मनाई होती. 2019च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत रोखण्याची मुभा राज्यांना दिली. त्याआधीच्या प्रबंधातलं हे विवेचन जसंच्या तसं उचललं, तर मार्गदर्शक पहिल्याच वाचनात पकडतील.