आधी पूर्ण आराखडा की दोन-दोन आठवड्यांचे टप्पे? नव्या टीम लीडसाठी तुलना

पहिल्यांदा टीम हाताखाली आली की एक निर्णय लगेच घ्यावा लागतो. सगळं काम आधी आखून, सह्या घेऊन मगच सुरुवात करायची, की छोटे तुकडे पाडून दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं पूर्ण करत जायचं? पहिल्या रीतीला वॉटरफॉल म्हणतात, दुसरीला अजाईल, आणि अजाईलमधली सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे स्क्रम. पवई-गोरेगावच्या ऑफिसांत दुसरी पद्धत आधुनिक आणि पहिली जुनाट, असं धरून चालतात. मला ते मान्य नाही. मी एकच गोष्ट आधी तपासते: केलेलं काम मोडून पुन्हा करायची वेळ आली, तर ते किती महागात पडेल?

आराखडा आधी

मोडणं महाग असेल तर आराखडा आधीच हवा. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली. तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंची जुळत नसल्याचं सगळ्या मुंबईने पाहिलं. रेल्वेच्या नियमांमुळे रुळांवरचा नवा पूल उंच झाला होता आणि जुना उड्डाणपूल होता तिथेच होता. शेवटी उड्डाणपुलाचा भाग जॅक लावून उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये ती जोडणी वापरात आली. काँक्रीट ओतल्यावर ‘पुढच्या टप्प्यात सुधारू’ असं म्हणता येत नाही.

सॉफ्टवेअरमध्येही अशी कामं असतात. लाखो ग्राहकांची माहिती एका रात्रीत जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवायची असेल, तर कोणत्या तासाला काय होणार, काही अडलं तर मागे कसं फिरायचं आणि तो निर्णय कोण घेणार, हे सगळं कागदावर हवं. या पद्धतीत सर्वांत जास्त वेळ सांध्यांना द्या, म्हणजे एका टीमचं काम संपून दुसरीचं सुरू होतं तिथे. बहुतेक आराखड्यांत प्रत्येकाचा आपापला भाग चोख असतो, पण सांध्यापुढे कुणाचंच नाव लिहिलेलं नसतं.

टप्प्याटप्प्याने

नेमकं काय हवं हे ग्राहकालाच अजून उमगलेलं नसेल, तर टप्पे बरे. भिवंडीच्या एका गोदामासाठी साठा नोंदवणारं ॲप बनत होतं. ऑफिसात बसून आखलेला स्क्रीन सगळ्यांना आवडला होता. दुसऱ्या आठवड्यात तो गोदामात नेला, तर तिथल्या माणसांच्या एका हातात खोका आणि दुसऱ्या हातात मोजे घातलेली बोटं. बारीक बटणं दाबली जाईनात. हे सहा महिन्यांनी कळलं असतं तर निम्मं काम फुकट गेलं असतं.

अजाईलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून लिहिला. आराखडा नकोच, असं त्यात कुठेही नाही. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाण्याला अधिक मोल दिलं आहे, इतकंच. आपल्याकडे मात्र ‘आम्ही अजाईल आहोत’ म्हणजे काहीच लिहून ठेवायचं नाही, असा सोयीचा अर्थ लावला जातो.

स्क्रममधली रोजची बैठक १५ मिनिटांची आणि टीमने आपसात दिवस आखण्यासाठी असते. प्रत्यक्षात ती हजेरी होऊन बसते: एकेक जण साहेबांकडे बघून कालचं काम वाचून दाखवतो. तुमच्या टीमची परीक्षा सोपी आहे. तुम्ही एक दिवस रजेवर असताना ती बैठक होते का, ते पाहा.

दोन्हीकडे घात करणाऱ्या गोष्टी

सर्वांत मोठी चूक म्हणजे वाईट बातमी उशिरा कळणं. ‘होऊन जाईल सर’, ‘नव्वद टक्के झालंय’ ही वाक्यं खोटं बोलण्यासाठी म्हटलेली नसतात. नाही म्हणण्याची सोयच नसते, म्हणून ती निघतात. यावर गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाचा ‘प्री-मॉर्टेम’ हा उपाय मला मनापासून आवडतो. काम सुरू व्हायच्या आधीच टीमला सांगायचं, की सहा महिने उलटलेत आणि प्रोजेक्ट पूर्ण फसलाय. का फसला ते प्रत्येकाने लिहा. सगळ्यांत कनिष्ठ मुलगीही मग बेधडक लिहिते, कारण ती साहेबांना विरोध करत नसते, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असते. आलेल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचा आणि नावं विचारू नका.

उशीर झाला की माणसं वाढवण्याची घाई ही दुसरी चूक. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच बजावलं होतं, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. नव्यांना शिकवायला जुनेच लागतात, शिवाय पाच जणांत बोलण्याच्या १० जोड्या असतात आणि दहा जणांत ४५.

तारखांबद्दल थोडं. गणपतीच्या आठवड्यात लाँच ठेवून नंतर कोकणातल्या माणसांवर चिडण्यात अर्थ नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, म्हणजे तोवर त्यांची सुट्टी ठरलेली असते. जूनमध्येच विचारा. जुलैत गाड्या बंद पडतील असे एक-दोन दिवस आधीच धरून चाला. आणि कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्याला संध्याकाळी साडेसहाच्या मीटिंगमध्ये बसवू नका. अकरा वाजता बोलावलंत तर तो मोकळेपणाने बोलेल.

मग काय निवडाल?

करारात किंमत, कामाची यादी आणि तारीख तिन्ही बांधलेली असतील तर आराखडा निवडा, आणि टीमला खोट्या लवचीकपणाचं आश्वासन देऊ नका. काम नवं आणि वापरणारी माणसं हाताशी असतील तर टप्पे. मुंबईतल्या बहुतेक प्रोजेक्टना मी मिश्रण सुचवेन: सांधे, डेटा हलवण्याची रात्र आणि बाहेरच्या परवानग्या आधी पक्क्या करायच्या, आतलं काम दोन आठवड्यांच्या टप्प्यांत. अट एकच. ग्राहकाकडचा निर्णय घेऊ शकणारा माणूस दर दोन आठवड्यांनी तासभर येऊन तयार झालेलं काम वापरून बघायला हवा. पहिल्याच भेटीत त्याचं नाव आणि वार मागून घ्या. दोन्ही मिळत नसतील तर टप्प्यांचा नाद सोडा आणि आराखड्याला लागा.