काठी घ्यावी की डबा?

दिवाळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोन चौकश्या हमखास होतात. बाहेरून काचा पुसायला कोण येतं, आणि व्हॅक्युम क्लीनर कुठला घ्यावा. पहिलीचं उत्तर मलाही हवंय. दुसरीबद्दल मात्र बोलू शकतो, कारण दोन्ही प्रकार घरात नांदवून झालेत. आधी भिंतीला टांगायची बिनवायरची काठी होती, आता चाकांवर मागे मागे येणारा, वायर आणि पिशवीवाला डबा आहे.

एक आधीच सांगतो. फरशीसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंसमोर हौसेने मशीन ठेवलं, तर त्या हसल्या आणि केरसुणीने पाच मिनिटांत हॉल काढून मोकळ्या झाल्या. मशीनचं खरं काम असतं गादी, सोफ्याच्या फटी, पडदे, पंख्याची पाती, पुस्तकांचं कपाट आणि सरकत्या खिडकीच्या खाचा. त्या खाचेत झाडू जात नाही, फडकं घातलं तर चिखल होतो.

आणि धूळ कुठली आहे तेही बघा. आम्ही घोडबंदर रोडला, नवव्या मजल्यावर. मागे येऊरचा डोंगर, पुढे मेट्रो ४ चे खांब. डोंगराचा वारा यावा म्हणून खिडकी उघडावी तर खांबांची पूड घरात येते. पिठासारखी बारीक, करडी. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुसऱ्या दिवशी बोटाने नाव लिहिता येतं. दुकानात मात्र थर्माकोलचे गोळे नाहीतर साबुदाणा ओढून दाखवतात. साबुदाणा काय, कुठलंही मशीन ओढतं.

वॉटच्या आकड्यात अडकू नका. तो आकडा मोटर वीज किती खाते ते सांगतो, धूळ किती ओढते ते नाही. युरोपात २०१७ पासून घरगुती मशीनला ९०० वॉटची मर्यादा आहे आणि तिथली घरं काही धुळीने भरून गेलेली नाहीत.

आता काठी. तिची बाजू घ्यायची तर मनापासून घेतो. हुकावरून उचलली की कामाला लागते. लेकीने सोफ्यावर चिवडा सांडला की अर्ध्या मिनिटात विषय संपतो. पंख्यापर्यंत पोचते, गाडीत नेता येते, आईलाही उचलवते. जोरात चालवली तर दहा मिनिटांत मान टाकते हे खरं, पण एका वेळी एक खोली करायची सवय लागली की त्याचं काही वाटत नाही. पहिले सात-आठ महिने आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं कौतुक सांगत होतो.

मग पावसाळा आला.

काठीत पिशवी नसते. धूळ गोल फिरून पारदर्शक भांड्यात पडते आणि जी बारीक असते ती फिल्टरवर बसते. जाडसर केर असेल तर फिल्टर महिनाभर बघावा लागत नाही. आमच्या पुडीने तो आठवड्यात करडा होई आणि मशीन उचक्या दिल्यासारखं थांबत-थांबत चालू लागे. उपाय पुस्तिकेत लिहिलेलाच होता: नळाखाली धुवा, पूर्ण चोवीस तास वाळवा, ओला लावू नका.

चोवीस तास! जुलैमध्ये ठाण्यात रुमाल वाळत नाही, तिथे हा घडीघडीचा फिल्टर काय वाळणार. पहिल्या दिवशी दोरीवर, दुसऱ्या दिवशी पंख्याखाली, तिसऱ्या दिवशी फ्रिजच्या मागे. हाताला कोरडा लागायचा, पण घड्यांच्या तळाशी ओल असायची. एकदा घाई करून लावला आणि खोलीभर ओल्या पायपुसण्याचा वास पसरला. आईला दम्याचा त्रास आहे, तिने त्या दिवशी दारच लावून घेतलं. दुसरा फिल्टर घ्या म्हणाल, तर घेतला. मग दोन ओले फिल्टर झाले. गादी साफ करायची ती नेमकी पावसाळ्यात, कारण उन्हात टाकता येत नाही. आणि नेमकं तेव्हाच मशीन तीन-तीन दिवस नागव्या अंगाने भिंतीला टांगलेलं.

भांडं रिकामं करणं हा त्यातलाच पुढचा अंक. डस्टबिनवर धरून झाकण उघडलं की निम्मी धूळ खाली, निम्मी आपल्या तोंडावर. बाल्कनीत गेलो तर वारा ती परत हॉलमध्ये आणून देई. दिवाळीत एकदा अंगणातली म्हणजे आमच्या दारासमोरच्या चार फरश्यांवरची रांगोळी काठीने ओढली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, फिल्टर तिथेच बसला. (रांगोळी कुठल्याच मशीनने ओढू नका, तिला सुपली बरी.)

डब्यात हे नाही. धूळ पिशवीत जाते, पिशवी भरली की तोंड बंद करून कचऱ्यात. फिल्टर त्यातही असतो, पण पुढे पिशवी असल्यामुळे तिथपर्यंत फार काही पोचत नाही. मी दोन-तीन महिन्यांनी काढून झटकतो. पाण्याशी संबंध नाही, म्हणून पावसाशीही नाही. मात्र फेकायची पिशवी लागणारंच मॉडेल घ्या. कापडी पिशवी झटकायची असेल तर पुन्हा तेच तोंड आणि तीच धूळ.

डबा गुणांचा पुतळा आहे असं नाही. आवाज इतका की दुपारी लावला तर खालचे वर बघतात. कोपऱ्यावर वळताना चाकं टेबलाच्या पायात अडकतात. वायर जेमतेम पाच मीटर, त्यामुळे प्रत्येक खोलीत प्लग बदला. ती ओढताना पिवळी खूण दिसली की हात आखडता घ्या, लाल खुणेच्या पुढे ओढायची नाही. आत घ्यायचं बटण दाबलं की ती सापासारखी येते, लहान मूल जवळ नको. पिशव्यांचा खर्च आहे, आणि मॉडेल जुनं झालं की त्या शोधत फिरावं लागतं. मी मशीनबरोबरच दोन पाकिटं घेऊन ठेवली होती. त्यातलं दुसरं अजून फोडलेलं नाही.

तरीही घर लहान असेल, वरच्या माळ्याशिवाय ठेवायला जागाच नसेल, तर डबा घेऊ नका. माळ्यावर गेलेला डबा दिवाळीलाच खाली येतो. आमचा दाराच्या मागे राहतो, म्हणून दर रविवारी निघतो. घरात दम्याचं माणूस असेल, समोर बांधकाम असेल, तर मात्र मी दोनदा विचार करणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

काठी बहिणीने सोलापूरला नेली. तिचं म्हणणं, मशीन उत्तम आहे, तुम्हीच उगाच नावं ठेवता. सकाळी धुतलेला फिल्टर तिच्याकडे दुपारी खडखडीत वाळलेला असतो.