मेगा मॅन लेगसी कलेक्शन: यलो डेव्हिलसाठी घ्या, बूबीम ट्रॅपसाठी तयारी ठेवा

आधीच सांगतो, हे कलेक्शन बॉस फाइटसाठी, म्हणजे स्टेजच्या शेवटी येणाऱ्या बड्या शत्रूशी होणाऱ्या लढतीसाठी घ्यायचं, बाकी सगळं वरकमाई. कॅपकॉमने २०१५ मधे मेगा मॅनचे पहिले सहा गेम एकत्र करून काढले, २०१८ ला ते निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर पण आलं, आणि मी खेळलोय ते स्विचवालं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटवर मारिओ आणि कॉन्ट्रा घरोघरी खेळले गेले पण मेगा मॅन खेळलेली माणसं मला फार कमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला गेम १९८७ चा, जपानमधे नाव रॉकमॅन. सहा रोबोट मास्टर, म्हणजे सहा स्टेजचे सहा बॉस, कुठूनही सुरुवात करा. ज्याला हरवाल त्याचं हत्यार तुमचं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुळावर येतं. गट्स मॅनची सुपर आर्म घेऊन कट मॅनकडे गेलात की त्याच्या खोलीतले ठोकळे उचलून त्यालाच हाणायचे, दोन दणक्यात खल्लास. मग कट मॅनचं रोलिंग कटर घेऊन इलेक मॅनकडे, कारण साध्या गोळीने त्याच्याशी लढायला गेलं तर त्याचे तीन फटके बसले की आपण संपलो. इलेक मॅनचा थंडर बीम मग आइस मॅनला लागू पडतो. ही साखळी ज्याची त्याने शोधण्यात खरी मजा आहे म्हणून पुढची सांगत नाही.

आता यलो डेव्हिल. गेमचा खलनायक डॉ. वायली, त्याच्या किल्ल्यातल्या पहिल्याच स्टेजचा बॉस, आणि माझ्या मते त्या काळातल्या प्लॅटफॉर्म गेममधली सगळ्यात छळणारी फाइट. हा एक भलामोठा पिवळा गोळा, एकाच डोळ्याचा, त्याच्या अंगाचे तुकडे सुटतात आणि एकेक करून स्क्रीनच्या या टोकाकडून त्या टोकाला उडत जातात, तिकडे पुन्हा जुळून अख्खा राक्षस उभा राहतो, क्षणभर डोळा उघडतो, आपल्यावर गोळी झाडतो, की परत तुकडे आणि परत उलट्या दिशेने तेच. मार फक्त डोळ्याला लागतो, इतर कुठेही कितीही गोळ्या घाला काही होत नाही. आणि लक्षात घ्या या गेममधे स्लाइड, म्हणजे जमिनीवरून घसरत जायची सोय नाही, ती तिसऱ्या गेममधे आली, बटण दाबून ठेवून मोठी गोळी मारायची सोय चौथ्यात आली, म्हणजे इथे तुमच्याकडे नुसती उडी. बरं दर वेळी उडी मारूनही चालत नाही, काही तुकडे वरून जातात तेव्हा जमिनीवर गप्प उभं राहायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपलं बोट बटणावर जातं.

पहिल्यांदा वाटतं हे अशक्य आहे, खरंच वाटतं. पण तुकड्यांचा क्रम कधीच बदलत नाही! कुठला तुकडा कधी सुटणार हे ठरलेलं आहे, आणि एकदा तो ताल हातात बसला की डोळे स्क्रीनवर असतात पण उड्या बोटंच मारत असतात, लेझीम अंगात भिनल्यावर पाय आपोआप पडतात ना अगदी तसं. डेव्हिल पहिल्यांदा हरला तेव्हा मी उठून घरभर फिरलोय. मूळ गेममधे थंडर बीम मारून सिलेक्ट बटणाने भराभर पॉज करायची एक जुनी ट्रिक आहे, एकाच बीमचा मार परत परत लागत राहतो. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी खुशाल करा, पण एकदा तरी सरळ लढून बघा एवढी कळकळीची विनंती.

त्याच्या पुढच्या स्टेजला आपल्याच रूपाचा बॉस आहे, आपण जे हत्यार निवडू तेच तो वापरतो. कल्पना जबरदस्त, पण दमवण्याच्या बाबतीत डेव्हिलची सर नाही. नंतरचे सात बुडबुडेवाले रोबोट, प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा वेगवान, ते मात्र चिडचिड करवतात.

दुसरा गेम १९८८ चा आणि एकूणात पहिल्यापेक्षा कितीतरी सरस, संगीत तर विचारूच नका. पण त्यातल्या चौथ्या वायली स्टेजचा बूबीम ट्रॅप मला आजही पटत नाही. खोलीत पाच तोफा, पाचही एकदम गोळी झाडतात, आणि त्या फुटतात फक्त क्रॅश बॉम्ब नावाच्या हत्याराने. त्याच्या एनर्जीच्या पूर्ण भरलेल्या बारमधे बॉम्ब किती, तर सात. पाच तोफांना पाच गेले, उरले दोन, आणि मधे भिंती आहेत त्यापण याच बॉम्बने फोडायच्या. एक बॉम्ब चुकीच्या भिंतीवर गेला की संपलं, दुसरं काहीच चालत नाही, उभं राहून मरायची वाट बघायची. मेल्यावर हत्याराची एनर्जी परत भरून मिळत नाही! मग मागे जाऊन शत्रू मारून मारून एनर्जीच्या कॅप्सूल गोळा करत बसा नाहीतर सगळे लाइफ घालवून स्टेज पहिल्यापासून. यलो डेव्हिल हरवतो तेव्हा काहीतरी शिकवून जातो, इथे नुसता हिशोब आहे, आणि तो हिशोब आत जाईपर्यंत कुणी सांगत नाही. डोळ्यात तेल घालून खेळणाऱ्यालाही इथे फसायला होतं, हा मी गेमचाच दोष मानतो.

स्विचवर रिवाइंड आहे, एक बटण दाबलं की वेळ मागे. बूबीम ट्रॅपला बिनधास्त वापरा. यलो डेव्हिलला कृपा करून वापरू नका, कारण मागे-पुढे करत जिंकलात तर तो ताल कधी हातात बसतच नाही. त्यापेक्षा बॉसच्या दारात सेव्ह करा आणि तिथून पुन्हा पुन्हा लढा, स्टेज परत खेळायचा त्रास वाचतो आणि फाइट जशीच्या तशी राहते. जुन्या मशीनवर खूप गोष्टी एकदम आल्या की गेम हळू व्हायचा, चित्र लुकलुकायचं, ते पण इथे तसंच ठेवलंय आणि मला ते फार आवडलं. म्युझियममधली जुनी चित्रं निवांत बघण्यासारखी, चॅलेंज मोड ठीक.

घरात लहान पोरं खेळणार असतील तर दुसऱ्या गेमपासून नॉर्मल मोडवर सुरू करून द्या, त्यात शत्रूंना दुप्पट मार लागतो. आणि शक्य असेल तर प्रो कंट्रोलर घ्या, स्विचसोबत येणाऱ्या जॉय-कॉन कंट्रोलरवर दिशेची चार बटणं सुटी सुटी आहेत, डेव्हिलसमोर अंगठा इकडून तिकडे न्यायला तो वेळ पुरत नाही.