तळ्याकाठचा प्लॉट घेतला, तळं मिळालं नाही

जाहिरातीत चार शब्द फिरून फिरून येतात: लेकफ्रंट, लेक व्ह्यू, लेक ॲक्सेस, डॉकेबल. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातलं घर विकून टेनेसी, अलाबामा, आर्कान्सा, मिसूरी किंवा टेक्ससमध्ये बास मासे पकडत स्वस्तात राहू म्हणणारा माणूस पहिल्यांदा फसतो तो या चार शब्दांत. 'व्ह्यू' म्हणजे पाणी दिसतं. ओक झाडांची पानं गळल्यावर, डिसेंबर ते मार्च दिसलं तरी दिसलंच. 'ॲक्सेस' म्हणजे वसाहतीत कुठेतरी एक उतार आहे, जिथून बोट पाण्यात सोडता येते. 'लेकफ्रंट' म्हणजे तुमच्या कुंपणाच्या खाली दुसऱ्याची जमीन आणि तिच्या खाली पाणी. आणि 'डॉकेबल', म्हणजे इथे डॉक (बोट बांधायचा धक्का) बांधता येईल, हे विकणाऱ्याचं मत आहे. परवाना देणारा तो नाही.

यातली बहुतेक नावाजलेली तळी मुळात धरणांचे फुगवटे आहेत. मिसूरीतल्या टेबल रॉकचं धरण १९५८ चं, आर्कान्सातल्या बीव्हरचं १९६६ चं. दोन्ही आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या ताब्यात. चिकमॉगा, गंटर्सव्हिल, नॉरिस आणि डग्लस ही टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीची, म्हणजे १९३३ साली स्थापन झालेल्या टीव्हीए या सरकारी महामंडळाची. टेक्ससचं लेक फोर्क सबीन रिव्हर ऑथॉरिटीचं. म्हणजे पाणी सरकारी, पाण्याखालची जमीन सरकारी, आणि पुष्कळ ठिकाणी काठाचा पट्टाही सरकारीच. पवनेच्या काठावर प्लॉट बघायला गेलेला माणूस धरणासाठी संपादित झालेली जमीन कुठवर आहे ते आधी विचारतो, सातबारा काढतो, फेरफार बघतो. तोच माणूस बेंटनव्हिलहून अर्ध्या तासावरच्या बीव्हर लेकला गेला की एजंटाने दाखवलेल्या ड्रोनच्या फोटोवर इसार देऊन मोकळा होतो. अमेरिकेत कागद चोख असतात म्हणे. असतात खरे, पण ते आपणच वाचायचे असतात.

कोअरच्या तळ्यावर व्यवहार कसा उलटतो ते नीट बघण्यासारखं आहे. काठाची सरकारी हद्द खुणेचे दगड, पाट्या आणि झाडांवर मारलेला रंग यांनी दाखवलेली असते. हद्दीच्या आत गवत कापायलासुद्धा लेखी परवानगी लागते. तळ्याचा सगळा किनारा शोरलाइन मॅनेजमेंट प्लॅनच्या नकाशात विभागलेला असतो आणि खाजगी डॉकला जागा फक्त 'लिमिटेड डेव्हलपमेंट' पट्ट्यात मिळते. 'प्रोटेक्टेड शोरलाइन'वर ती मिळत नाही, मग प्लॉट कितीही सुंदर असो, पैसे कितीही मोजलेले असोत. हा नकाशा कोअरच्या प्रकल्प कार्यालयात कुणालाही बघता येतो. जाहिरातीत तो कधी नसतो.

त्याहून कडू भाग आधीच बांधलेल्या डॉकचा. विकणारा डॉकवर उभा राहून गळ टाकून दाखवतो, सोबत परवान्याची प्रतही देतो. पण कोअरचा परवाना माणसाच्या नावावर असतो, जमिनीच्या नाही. मालकी बदलली की तो रद्द होतो. नव्या मालकाने स्वतःच्या नावावर अर्ज करायचा, मग रेंजर येऊन डॉक तपासतो. तिथे जुनी दुखणी निघतात: तराफ्याखाली उघडा थर्मोकोल, जो आता आवरणात बंद असावा लागतो, विजेची तार, जिच्यासाठी इलेक्ट्रिशियनचा दाखला हवा, मंजूर मापापेक्षा वाढवलेलं छप्पर. दुरुस्त करा नाहीतर काढून न्या, असं पत्र येतं ते खरेदीखतानंतर, तुमच्या नावावर. पाणी दिसावं म्हणून विकणाऱ्याने सरकारी पट्ट्यातली झाडं तोडली असतील, तर ते प्रकरणही तुमच्याच दारात येऊन उभं राहतं.

सरकारी हद्दीच्या वरच्या बाजूला, तुमच्या स्वतःच्या जमिनीवरही फ्लोएज ईझमेंट असू शकते. म्हणजे अमुक उंचीपर्यंत पाणी चढवण्याचा हक्क सरकारने कायमचा विकत घेऊन ठेवलेला असतो. टेबल रॉकची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून ९१५ फूट, पूर साठवण्याची ९३१. मधल्या सोळा फुटांत काय काय येतं हे नकाशा हातात घेऊन प्लॉटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ईझमेंटखालच्या जमिनीत घर बांधता येत नाही, शोषखड्डाही घेता येत नाही. मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या टायटल कंपनीच्या कमिटमेंटमध्ये, म्हणजे विम्याआधी मिळणाऱ्या कागदात, शेड्युल बी नावाचं पान असतं. त्यात या सगळ्या अटी, वाटेचे हक्क आणि बोजे ओळीने लिहिलेले असतात. लोक पहिल्या पानावरचा आकडा बघतात आणि शेड्युल बी सहीच्या दिवशी, पेन हातात असताना उलटतात.

टीव्हीएच्या तळ्यांवर प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो: या प्लॉटला टीव्हीएच्या पट्ट्यातून पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क खरेदीखतात लिहिलेला आहे का? नसेल तर डॉकचा अर्जच उभा राहत नाही. असेल तर टीव्हीए कायद्याच्या कलम २६ए खाली मंजुरी घ्यायची. जुना डॉक असेल तर मालकी बदलल्याचं कळवून मंजुरी आपल्या नावावर करून घ्यायची, आणि ते लगेच. 'शेजाऱ्याचा डॉक आहे ना, मग तुम्हालाही मिळेल' या वाक्याला काडीचा अर्थ नाही. दोन लगतच्या प्लॉटांच्या मूळ खरेदीखतांत हक्क वेगळे असू शकतात.

आणि फोटो नेहमी जूनमधले. डग्लस तळं हिवाळ्यात चाळीसेक फूट खाली उतरवतात; जानेवारीत त्या डॉकखाली लाल चिखल असतो आणि पाणी दूर कुठेतरी चमकत असतं. चिकमॉगा सुमारे सहा-सात फूट उतरतं, आणि आतल्या उथळ खाचेत ते सहा फूटच डॉक कोरडा पाडतात. गंटर्सव्हिल जेमतेम दोन फूट हलतं, म्हणून तिथल्या काठाला जास्त भाव आहे, तो रास्तही आहे. पण तिथलं दुखणं उन्हाळ्यात: हायड्रिला आणि मिलफॉइल या पाणवनस्पती ऑगस्टमध्ये खाचा भरून टाकतात. बासला त्या आवडतात, तुमच्या मोटरच्या पंख्याला नाही. तेव्हा प्लॉट एकदा जानेवारीत आणि एकदा ऑगस्टमध्ये बघावा. दोनदा जाणं जमणार नसेल तर तळ्याचं महिन्यागणिक पातळीचं वेळापत्रक टीव्हीए स्वतः प्रसिद्ध करते. डॉकच्या टोकाशी दोरीला शिसं बांधून खोली मोजायची आणि वेळापत्रकातली त्या दिवसाची पातळी आणि हिवाळ्यातली पातळी यांतला फरक त्यातून वजा करायचा. उरलेलं पाणी तीन फुटांपेक्षा कमी असेल तर बोट तिथे हिवाळाभर राहणार नाही.

इसार देण्याआधी प्लॉट नंबर आणि सर्व्हेची प्रत घेऊन तळ्याच्या मालक कार्यालयात जायचं आणि उत्तर ईमेलवर लेखी मागायचं. हा पट्टा कुठल्या विभागात येतो, नवीन डॉक मिळेल का, असलेल्या डॉकवर काही नोटीस आहे का, ईझमेंटची उंची किती? फोनवरचं 'शक्यता आहे' धरू नका. विकणारा घाई करत असेल तर करारात अट घाला: डॉकची लेखी पात्रता आणि पर्क टेस्ट पास झाली तरच व्यवहार, नाहीतर इसार परत. प्रामाणिक विकणाऱ्याला या अटीने काही होत नाही.

पर्क टेस्ट, म्हणजे जमीन पाणी किती वेगाने शोषते त्याची चाचणी, हा मिसूरी-आर्कान्साच्या ओझार्क डोंगरपट्ट्यातला खरा गळफास आहे. तिथे थोडी माती आणि खाली चुनखडी. जुन्या वसाहतींतले चिमुकले प्लॉट मोठ्या शहरांतल्या लोकांना न बघताच विकले गेले, आणि तेच आज वारसांकडून 'स्वस्त तळ्याकाठचा प्लॉट' म्हणून पुन्हा बाजारात येतात. शोषखड्ड्याला परवानगी नाही म्हणजे घर नाही. उरतो तो तंबू ठोकायचा प्लॉट, वर दरवर्षी वसाहतीची वर्गणी.

अशा स्वस्त प्लॉटांचे कागदही दोन प्रकारे कच्चे असतात. क्विटक्लेम डीडमध्ये विकणारा एवढंच म्हणतो की माझा जो काही हक्क असेल तो दिला. हक्क शून्य असेल तर शून्य दिला. काँट्रॅक्ट फॉर डीडमध्ये तुम्ही हप्ते भरता आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहते. मधे त्याच्या कर्जापोटी बोजा चढला तर तुमचे हप्ते पाण्यात. वॉरंटी डीड, म्हणजे मालकीची हमी देणारं खत, आणि टायटल इन्शुरन्स मागा. तो देत नसेल तर किंमत कमी का आहे ते कळलंच.

कराचा आकडा विकणाऱ्याच्या पावतीवरून काढू नका. टेक्ससमध्ये पासष्टी ओलांडलेल्या मालकाचा शाळेचा कर गोठलेला असतो, आर्कान्सातही ज्येष्ठांच्या राहत्या घराचं करपात्र मूल्य गोठवतात. घर विकलं की ती सवलत जाते आणि मूल्यांकन नव्याने होतं. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही हे खरं, पण विक्रीकर राज्याचाच ७ टक्के आणि वर स्थानिक २.७५ टक्क्यांपर्यंत. मासेमारीचा रहिवासी परवानाही पहिल्या दिवसापासून मिळत नाही. टेक्सस सलग सहा महिन्यांचं वास्तव्य मागतं. तोवर परराज्याचा महाग परवाना घ्यायचा. खोटा पत्ता देऊन रहिवासी परवाना 'काढून देतो' म्हणणारेही भेटतात, आणि दंड होतो तो गळ हातात असलेल्याला.

खरं सांगायचं तर बास पकडण्यासाठी काठावर राहण्याची गरजच नाही. चिकमॉगावर २०१५ मध्ये टेनेसीचा विक्रमी लार्जमाउथ बास, १५ पौंड ३ औंसांचा, निघाला ते तळं सर्वांना खुलं आहे. बोट सोडायच्या सार्वजनिक रॅम्पपासून पंधरा मिनिटांवरचं साधं घर काठावरच्या घराहून कितीतरी स्वस्त पडतं. मात्र गॅरेज मोजून घ्या. वीस फुटी बास बोट ट्रेलरवर, मोटरसकट पंचवीस फुटांच्या आसपास जाते आणि नेहमीचं गॅरेज वीस-बावीस फूट खोल असतं. दुमडणारी ट्रेलरची दांडी घेतली तर दोनेक फूट वाचतात.

जमिनीचं निभावलं तरी सामानाच्या ट्रकवर लोक अडकतात. सर्वांत स्वस्त भाव देणारा बहुधा ब्रोकर असतो. त्याच्याकडे ना ट्रक, ना माणसं. तो फोनवर आकडा सांगतो, मोठी आगाऊ रक्कम घेतो आणि काम तिसऱ्यालाच विकतो. सामान चढवण्याच्या सकाळी अनोळखी ट्रक दारात येतो. मुकादम घर बघून म्हणतो, सामान जास्त आहे, आणि नवा 'सुधारित' एस्टिमेट पुढे करतो. घराच्या किल्ल्या संध्याकाळी द्यायच्या असतात, म्हणून माणूस सही करतो. ही सही सामान चढवण्याआधी झाल्यामुळे ती कायद्याने बांधते. तिथेच 'नाही' म्हणावं, ट्रक परत पाठवावा आणि दोन दिवसांसाठी गोदाम भाड्याने घ्यावं. तेच स्वस्त पडतं.

एस्टिमेट नॉन-बाइंडिंग, म्हणजे नुसता अंदाज, असेल तर उतरवताना त्याच्या ११० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. उरलेल्या बाकीला ३० दिवसांची मुदत मिळते. बाइंडिंग असेल तर ठरलेले तेवढेच. जास्त मागून सामान अडवून ठेवणं बेकायदा आहे, त्याची तक्रार एफएमसीएसए या ट्रक-वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या संघीय संस्थेकडे करायची. आधी त्यांच्याच संकेतस्थळावर कंपनीचा यूएसडॉट नंबर, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, टाकून बघावं: नोंद ब्रोकर म्हणून आहे की वाहतूकदार म्हणून, आणि नाव ट्रकवरच्या नावाशी जुळतं का. फुकटच्या विम्यावर विसंबू नका. तो पौंडाला ६० सेंट देतो. ७० पौंडांची ट्रोलिंग मोटर (बोटीची छोटी विजेची मोटर) फुटली तर हातात ४२ डॉलर. मोटर, रिळं आणि काठ्या आपल्याच गाडीतून न्याव्यात.

जुनी बोट तिथे घेणार असाल तर ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, उजव्या बाजूचा १२ अक्षरी हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) टायटलशी, म्हणजे मालकीच्या दाखल्याशी ताडा, ट्रेलरचा नंबर वेगळा ताडा, टायटलवर बँकेचा बोजा आहे का बघा, आणि पाण्यात उतरवून चालवल्याशिवाय एक डॉलर देऊ नका.

पैसे गेलेच असतील तर दिवस मोजू नका, तास मोजा. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, आदल्या दिवशी 'खाते क्रमांक बदलला आहे' असा ईमेल आला आणि त्यावर रक्कम पाठवली, तर त्याच मिनिटाला आपल्या बँकेला फोन करून वायर रिकॉल, म्हणजे पाठवलेली रक्कम परत बोलावणं, मागायचा आणि एफबीआयच्या आयसी३ या सायबर गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवायची. एजंटाने डॉकबद्दल लेखी खोटं सांगितलं असेल तर राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनकडे जायचं, जाहिरातीच्या पानाची तारखेसकट प्रत घेऊन. ती जाहिरात व्यवहारानंतर काढून टाकली जाते, म्हणून प्रत आधीच ठेवायची. विकासकाकडून शंभर किंवा जास्त प्लॉटांच्या वसाहतीत घेतलं असेल तर १९६८ चा इंटरस्टेट लँड सेल्स कायदा बहुधा लागू होतो. सहीनंतर सात दिवसांत करार मोडता येतो, आणि सहीआधी प्रॉपर्टी रिपोर्ट दिलाच नसेल तर दोन वर्षांपर्यंत. वकिलाकडे जाताना पहिला प्रश्न तोच विचारायचा: आपल्या व्यवहाराला या कायद्यातून सूट आहे की नाही.