हाफ की फुल? बेळगावातनं ट्रायथलॉन करणाऱ्यांसाठी

पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात करायची आयर्नमॅन ट्रायथलॉन; तिची गोव्याची 70.3, म्हणजे हाफ, करावी का थेट मलेशियात लंकावीला जाऊन फुल, हे आपल्याकडचे बरेच जण विचारायला लागलेत. माझ्या दोन्ही करून झाल्यात. अंतरं तुम्हाला पाठ असणारच, ती सोडून बोलतो.

फुलची ओढ मला मान्य आहे. 1978 ला हवाईत 15 जण उतरले आणि 12 जणांनी पुरी केली, तिथनं चालत आलेली ही रेस आहे, आणि शेवटच्या रेषेजवळच्या कार्पेटवर नाव घेऊन "यू आर ॲन आयर्नमॅन" म्हणतात ते फुललाच. अंधारात शेवटचे किलोमीटर ओढताना एक गोष्ट मनात पक्की झाली की दमणं वेगळं आणि संपणं वेगळं, ते आजही कामाला येतं. ज्याला 'मला झेपेल का' हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही त्यानं फुलच करावी, मी अडवणार नाही.

पोहणं दोन्हीकडं अवघडच, आपल्याकडं समुद्र नाही. सायकलिंगचं मात्र बघा. जांबोटीवरनं कणकुंबीला जाऊन परत आलं की हाफचं 90 किलोमीटर सायकलचं अंतर जवळपास भरतं आणि सकाळचा नाष्टा घरच्यांबरोबर होतो. फुलसाठी हायवेनं धारवाडला जाऊन परत आलं तरी सायकलचे 180 किलोमीटर भरत नाहीत आणि रविवार मात्र पुरता गेलेला असतो, हे महिनोन्‌महिने घरच्यांनी सोसायचं. पावसाळ्यात तर कणकुंबीकडं पाऊस एवढा की सांबऱ्याच्या पुढं पूर्वेकडंच जावं लागतं.

पण माझं मत हाफकडं फिरलं ते लंकावीला जातानाच्या सायकल पॅकिंगनं. पेडल काढा, हँडल सोडवा, आरडी (मागचे गिअर बदलणारा भाग) काढून फोमात गुंडाळा, टायरची हवा सोडा, मग वजन करा, ते जास्त भरलं की पंप आणि बूट दुसऱ्या बॅगेत. एवढं करून तिकडं बॉक्स उघडला तर आरडी जिथं बसते तो हँगर वाकलेला, मागं मोठ्या गिअरवर चेन टिकेना. रेसच्या आदल्या दिवशी अनोळखी गावात मेकॅनिक शोधत फिरलो. त्यानं सरळ करून दिला पण रेसमध्ये प्रत्येक चढावर माझं लक्ष पायाकडं नव्हतं, मागच्या आवाजाकडं होतं. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली त्यातला निम्मा दिवस असा गेला, याची हळहळ अजून आहे.

गोव्याला सायकल गाडीच्या मागं लावायची, चोर्ला घाट उतरायचा, एक स्क्रू हलवायचा नाही. त्याच गाडीत आई, बायको, पोरं. मिरामारला कार्पेटवर आलो तेव्हा पहाटे चारला डबा करून देणारी माणसं समोर उभी होती आणि माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. लंकावीला मेडल घालून मी फोनवर दाखवत होतो. माझ्यासाठी रेस पुरी होणं म्हणजे काय ते या दोन दुपार-रात्रींतच कळलं. कुणी म्हणेल हाफ ती हाफच, म्हणू दे. प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, तरी मला परत एक करायची झाली तर गोवाच.

त्यासाठी फक्त उन्हाची सवय करा. बेळगावच्या गार हवेत पहाटे पळून भागत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याला पळायची पाळी येते तेव्हा ऊन वर आलेलं असतं आणि दमटपणानं घाम वाळत नाही. शेवटच्या महिन्यात आठवड्यातनं एक-दोनदा अकरानंतर बाहेर पडा, आणि एनर्जी जेलबरोबर किती मीठ चालतंय तेही तेव्हाच बघून घ्या.