250 वॉटचं सायकल किट, दहा-अकरा महिन्यांनंतर: मोटरला पूर्ण मार्क, स्प्रॉकेटच्या माउंटिंगला शून्य

साध्या सायकलला मोटर आणि बॅटरी जोडणारं, दिवाळीत बसवलेलं 24 व्होल्ट, 250 वॉटचं किट आता पावसाळ्याच्या शेवटाला आलंय. सायकल गियरची, लोखंडी फ्रेमची, 26 इंची. वापर रोजचा: घर कोल्हापुरात, नोकरी शिरोली एमआयडीसीत. मोटरचे आकडे आणि बॅटरीची रेंज सगळीकडे लिहिलेली असते, त्यात मी जात नाही. माझा जेवढा पैसा आणि डोकं या सायकलपायी खर्च झालं, ते सगळं मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला, जिथे मोटरची वेगळी चेन चाकाला जोर देते तिथे झालं, म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

जूनमध्ये भर पावसात पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे थ्रॉटल दिला, मोटर फिरायला लागली आणि सायकल जागची हलेना. वाकून पाहिलं तर डावीकडचं फ्रीव्हील (एकाच दिशेला पकड घेणारं, चेनचं दातांचं चक्र) आटे सोडून बाहेर आलेलं आणि चिमट्याला, म्हणजे फ्रेमच्या मागच्या दांड्याला घासत होतं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "फिटिंग बरोबर झालेलं नाही, मेकॅनिकला दाखवा." मेकॅनिक म्हणाला, मी किटमध्ये आलं तेच लावलंय. आठवडाभर मेसेजवर वाद घातला, शेवटी विक्रेत्याने आणखी एक तसंच फ्रीव्हील फुकट पाठवलं आणि तेही सुटलं.

सुटणारच होतं. सायकलच्या उजव्या बाजूला पेडलचा जोर फ्रीव्हीलला आवळत नेतो, त्यामुळे तिथे साधे आटे चालतात. डावीकडून पाहिलं तर पुढे जाणारं चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. साधं फ्रीव्हील सरळ बसवलं तर तिथे ते पकडच घेत नाही, नुसतं कटकट करत फिरतं. म्हणून किटवाले तेच फ्रीव्हील पालथं करून देतात. पकड येते, पण पालथं केलं म्हणून आट्यांची दिशा बदलत नाही. मग मोटर दर वेळी जोर लावते तो फ्रीव्हील सोडवायच्या दिशेने. परदेशात बीएमएक्ससाठी (कसरतीच्या छोट्या सायकलींसाठी) उलट्या आट्यांचे हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, आणि डाव्या बाजूची फ्रीव्हील मिळतात, इथल्या दुकानांत मला एकही दिसलं नाही. किट विकणाऱ्याने एवढी एक ओळ पाकिटावर छापली असती तर माझा जून वाचला असता. सहा-सात हजारांच्या वस्तूत ही माहिती मागणं जास्त नाही.

आटे हा एक भाग झाला. दुसरा त्रास त्याच्या आधीपासून होता. किटमधली फ्रीव्हीलची प्लेट हबला बसत नाही, स्पोकना बसते: एक चकती बाहेरून, दोन अर्ध्या आतून, मध्ये स्पोक दाबून बोल्ट आवळायचे. पेट्रोल इंजिनाच्या किटमधलं 44 दातांचं स्प्रॉकेटही (चेनचं दातचक्र) असंच बसतं, तिथे रबरी चकत्या असतात आणि 9 बोल्ट. या पद्धतीत प्लेट सेंटरला आहे की नाही हे कशावरच ठरत नाही. सायकल उलटी करून चाक हाताने सावकाश फिरवा, चेनवर बोट ठेवा. एका जागी चेन तारेसारखी ताठ लागेल, अर्ध्या फेरीनंतर लोंबेल. ताठ लागते तिथे प्लेटवर खडूची खूण करायची, बोल्ट अर्धा आटा सैल करायचे, खुणेवर लाकडी हातोडीने एक हलका ठोका द्यायचा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे आणि पुन्हा फिरवायचं. हे मी नियमाने करत होतो. तरी खड्ड्यांच्या रस्त्यावर प्लेट सरकायची, आणि हिवाळा संपता संपता डाव्या बाजूचे स्पोक हबच्या वाकापाशी तुटायला लागले. स्पोकचं काम ताण घेण्याचं आहे. मधोमध आडवा दाब आणि पीळ दिला की तो वाकापाशीच जातो.

तोवर माझं मत होतं की मोटर कमकुवत आहे, चढाला खरखर करते. चाक बदलल्यावर ती खरखर पूर्ण गेली. मोटरचा काही दोष नव्हता, वाकड्या चेनचा आवाज होता. आज विचाराल तर या किटमधली सगळ्यात भरवशाची वस्तू मोटरच आहे.

या दोन्ही त्रासांवर एक मार्ग म्हणजे फ्रीव्हील हबला वेल्ड करणं. गावोगाव हेच चालतं आणि स्वस्तही पडतं. मी नाही केलं. हबमधला बेअरिंगचा कप तापला की त्याला दिलेला कडकपणा जातो आणि छर्रे त्यात खड्डे पाडतात. शिवाय हातावर वेल्ड केलेलं फ्रीव्हील सेंटरला येणं अवघडच, आणि झिजलं की हबसकट फेकायचं.

मी केलं ते असं. मागचा हब बदलून डिस्क ब्रेकचा घेतला. त्याच्या डाव्या तोंडावर 44 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात 6 भोकं असतात, एम 5 बोल्टची. ही जागा कारखान्यातच बेअरिंगच्या सेंटरला मशिन केलेली असते, म्हणजे स्प्रॉकेट आपोआप सेंटरला येतं. उद्यमनगरातल्या एका लेथवर ईएन 8 पोलादाच्या गोल बारमधून अॅडाप्टर काढून घेतला: मागे डिस्कची भोकं, पुढे फ्रीव्हीलचे 1.37 इंच व्यासाचे, इंचाला 24 आटे. बोल्टची डोकी आत बुडवली, नाहीतर फ्रीव्हील टेकत नाही. आणि सुटण्यावर उपाय म्हणून अॅडाप्टरच्या तोंडावर 3 बारीक स्क्रूंनी एक पातळ चकती बसवली, तिची कड फ्रीव्हीलच्या आतल्या भागावर येते. आता सुटायचं म्हटलं तरी त्याला बाहेर यायला वाट नाही. कारागिराने डायल गेज (वाकडेपणा मोजायचं काट्याचं साधन) लावून दाखवलं, काटा जेमतेम हलला. त्याने 700 रुपये घेतले आणि मी घासाघीस केली नाही.

एक अडचण इथेही आली. फ्रीव्हील आणि चिमट्यामधली जागा फारच कमी निघाली, चेन घासत होती. एक्सलवर डावीकडे एक वॉशर वाढवला, मग रिम एका बाजूला गेली म्हणून स्पोक ओढून चाकाचं सेंटर परत काढलं. माझ्या फ्रेमला 135 मिलिमीटरचा हब सरळ बसला. सिंगल स्पीडच्या अरुंद फ्रेमला तो बसणार नाही, आधी पट्टी लावून मोजा.

चाकाचं म्हणाल तर 36 स्पोकची, दुहेरी भिंतीची अॅल्युमिनियम रिम घ्या. डिस्कची जागा स्प्रॉकेटने खाल्ली की मागचा ब्रेक रिमवरच आला, आणि ओल्या क्रोम रिमवर ब्रेक लागत नाही. मोटर-बॅटरीचं वजन घेऊन पावसात उतारावर हे परवडणार नाही. स्पोक मी 13 गेजचे घातले, 2.3 मिलिमीटर. 12 गेजचे घालायला हबची भोकं मोठी करावी लागतात, त्याची गरज वाटली नाही.

दूधवाल्यांच्या काळ्या 28 इंची सायकलवर किट बसवणाऱ्यांनी आधी स्पोक मोजावेत. तिच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 असतात. 9 भोकांचं स्प्रॉकेट 36 च्या चाकासाठी केलेलं आहे, एका बाजूला 18 स्पोक, दर दोनांमागे एक बोल्ट. 40 च्या चाकात एका बाजूला 20 येतात आणि 9 चा मेळ कधीच बसत नाही. लोक जबरदस्तीने स्पोक वाकवून बसवतात, ते करू नका.

दात किती घ्यायचे? माझ्या मोटरच्या बाहेरच्या दांड्याचे फेरे मिनिटाला साधारण 300, पुढचं स्प्रॉकेट 9 दातांचं. मागे 18 दात घेतले तर चाक 150 फेरे फिरतं, 26 इंची टायरवर ताशी 18-19 किलोमीटर. 16 घेतले तर 21 च्या आसपास. किटमध्ये 16 आलं होतं, मी आता 18 वर आहे. जवळपास अडीच किलोमीटर वेग गेला, पण पुलाच्या चढाला मोटर गरम होत नाही. जास्त वॉटच्या मोटरच्या नादाला लागलो नाही, कारण नोंदणीशिवाय चालवायची तर नियमाप्रमाणे 250 वॉटच्या आत आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतच राहावं लागतं.

नवीन हब, रिम, स्पोक, विणकाम आणि लेथ मिळून किटच्या निम्मा खर्च वर झाला. किट घेणाऱ्याने हा खर्च किमतीत आधीच धरावा. सप्टेंबरच्या पावसातही फ्रीव्हील जागचं हललेलं नाही. अॅडाप्टरचं मापासकट ड्रॉइंग माझ्याकडे आहे, कोणाला करून घ्यायचा असेल तर मागा, पाठवतो.